नोटेवर असतो तसा रेषांचा चेहरा पेनाने कसा काढायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांच्या जन्मशताब्दीनिमित्त घरचे मिळून स्मरणिका काढताय. तिच्या मुखपृष्ठासाठी त्यांच्या जुन्या स्टुडिओतल्या फोटोवरून नोटेवर असतं तसं, नुसत्या रेषांचं व्यक्तिचित्र तुम्हाला स्वतःच्या हाताने काढायचं आहे. डोक्याला फेटा, भरघोस मिशा. पेन्सिलीने तुम्हाला साम्य उत्तम साधतं, पण पेनाने क्रॉस-हॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी सावली भरणं, सुरू केलं की चेहऱ्यावर जाळी पसरल्यासारखी दिसते, गालावर दाढीचे खुंट उगवल्यासारखे वाटतात आणि सावली वाढवत गेलं की शेवटी सगळं काळं होऊन बसतं. कोणतं पेन घेऊ आणि किती दिवसांत जमेल, असं तुम्ही विचारलंय.

पेनाचं सांगतोच, पण अडचण पेनात नाही. पेन्सिलीने शेडिंग करताना आपण फक्त गडद-फिकट बघतो. पेन्सिल आडवी धरून घासली की रेषा एकमेकींत मिसळून जातात, मग त्या कुठल्या दिशेने गेल्या याला फारसं महत्त्व राहत नाही. पेनाची रेष मिसळत नाही. ती काढली तशी डोळ्यांसमोर राहते आणि बघणारा नकळत तिच्या दिशेवरून पृष्ठभाग कसा वळलाय ते ओळखतो. गोल गालावर तुम्ही सरळ तिरक्या रेषा मारल्यात, तर गडदपणा बरोबर असूनही गाल सपाट दिसणार, कारण रेषा 'हे सपाट आहे' असं सांगताहेत. तुमची जाळी तिथूनच येते. तुम्ही रेषेला फक्त काळं करण्याचं काम दिलंय.

नोटेवरचा चेहरा कोरीवकामाच्या शैलीत असतो. त्या शैलीत रेषेकडे दोन कामं असतात आणि ती वेगळी ठेवायची असतात. दिशा उठाव दाखवते. जाडी गडदपणा दाखवते. रेषांची संख्या, म्हणजे एकावर एक किती थर चढवले, हा भाग फार उशिरा येतो. तुम्ही नेमकी तिथूनच सुरुवात केलीत.

हे असं का, ते मूळ काम बघितलं की पटतं. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर ब्युरिन नावाच्या टोकदार पोलादी कोरणीने रेष कोरतात. कोरणी पुढे ढकलताना जरा जोर दिला की ती खोल जाते आणि खोल गेली की रेष रुंद होते. जोर कमी केला की रेष केसासारखी बारीक होत संपते. मग पत्र्याला शाई चोळायची, वरची पुसून टाकायची, म्हणजे चरांमधली तेवढी राहते, आणि ओलसर कागद वर ठेवून रोलरच्या दाबाखालून काढायचा. पत्रा बहुधा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असतो. वळणदार रेष हवी असेल तेव्हा कारागीर कोरणीचा हात जवळजवळ स्थिर ठेवतो आणि पत्राच फिरवतो. त्या लांब, सफाईदार, मध्ये फुगून टोकाला निमुळत्या होणाऱ्या रेषा या हालचालीतून येतात. पेनाने आपल्याला तीच रेष काढायची आहे.

500 रुपयांची नोट घ्या आणि सराफ वापरतात तसल्या दहापट भिंगातून गांधीजींचा चेहरा बघा. तो याच जातीच्या छपाईत केलेला असतो. बोट फिरवलं की शाईचा उंचवटा हाताला लागतो तो त्यामुळेच. मूळ चित्र 1946 सालच्या एका फोटोवरून घेतलेलं आहे, म्हणजे सुरुवात तुमच्यासारखीच फोटोपासून झाली. भिंगाखाली रेषा चेहऱ्याच्या वळणाने फिरताना दिसतील, उजेडाकडे बारीक होतील आणि ठिपक्यांत विरून जातील. एकदा हे नीट बघितलंत की माझं पुढचं निम्मं सांगणं आपोआप समजेल.

पेनाने हे साधतं का, ही शंका मनात असेल तर ती काढून टाका. हेन्ड्रिक गोल्ट्झियस हा डच कारागीर फुगणाऱ्या-निमुळत्या रेषेचा मोठा उस्ताद होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने कोरीवकामच वाटावं अशी मोठमोठी चित्रं टाकाने, म्हणजे साध्या बुडवायच्या लेखणीने काढली. अमेरिकेतला चित्रकार फ्रँकलिन बूथ लहानपणी मासिकांतली लाकडी ठशांची चित्रं पेनाचीच आहेत असं समजून गिरवत बसायचा आणि त्यातूनच त्याची पेनाची अप्रतिम शैली तयार झाली.

मात्र तुम्हाला सगळ्यात जास्त शिकवून जाईल असं एकच चित्र सांगायचं तर मी क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरीव कारागिराचं सांगेन. 1649 मध्ये त्याने ख्रिस्ताचा चेहरा कोरला. नाकाच्या शेंड्यापासून सुरू झालेली एकच रेष गोल गोल फिरत पूर्ण चेहरा व्यापते. कुठे छेद नाही, दुसरा थर नाही. डोळे, ओठ, दाढी, रक्ताचे थेंब हे सगळं त्या एका रेषेची जाडी कमी-जास्त करून उभं केलंय. गडद करण्यासाठी थरावर थर चढवावे लागतात ही समजूत त्या एका चित्रापुढे टिकत नाही. एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून ते मोठ्या आकारात उतरवून घ्या, ए-फोरवर फक्त नाक आणि एक डोळा येईल एवढं वाढवून छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि गिरवा. गिरवण्यात कमीपणा नाही. हात कुठे दाबला गेलाय ते डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं.

आता तुमच्या फोटोकडे येऊ, कारण इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. जुने स्टुडिओवाले बहुतेकदा समोरून मऊ उजेड टाकत आणि निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून सुरकुत्या घालवत. असा फोटो दिसायला छान असतो, पण रेषांच्या कामाला अवघड, कारण गालाचं हाड कुठे संपतं आणि गालफड कुठे आत जातं हे त्यात दिसतच नाही. फोटोत एका बाजूने उजेड असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर घरात आजोबांच्या वळणावर गेलेला एखादा काका किंवा आत्या शोधा, त्यांना दुपारच्या वेळी एकाच खिडकीशी, उजेड एका बाजूने वरून येईल असं बसवा आणि त्याच कोनातून फोटो काढा. मोबाइलचा फ्लॅश नको आणि चेहरा गुळगुळीत करणारं ते सेटिंग बंद ठेवा. साम्य जुन्या फोटोवरून घ्यायचं, उठाव या नव्या फोटोवरून.

आजोबांचा फोटो 600 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके या बारकाव्याने, स्कॅन करा, कृष्णधवल करा आणि टोन, म्हणजे गडद-फिकटाच्या छटा, चार-पाच पायऱ्यांवर आणा. कुठल्याही फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टराइझ नावाची सोय असते. कोरा कागद, फिकट, मध्यम, गडद आणि जवळजवळ काळा, एवढ्या पाच पायऱ्या पुरतात. त्याहून जास्त तुम्ही रेषांनी वेगळ्या दाखवू शकणार नाही.

यानंतर मी जे करतो आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून करून घेतो, तो माझ्या दृष्टीने या कामाचा गाभा आहे. मी त्याला दिशानकाशा म्हणतो. फोटोची मोठी प्रिंट घ्यायची, वर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा आणि लाल बॉलपेनने फक्त दिशा काढायच्या. गडद-फिकटाचा विचार बंद. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: इथून मुंगी चेहरा ओलांडून आडवी चालत गेली तर तिचा माग कसा वळेल? हातातल्या बांगड्यांकडे बघा. डोळ्यांच्या रेषेतली बांगडी सरळ दिसते, वरच्या आणि खालच्या वळलेल्या दिसतात, आणि नुसत्या त्या वळणावरून हात गोल आहे हे कळतं. चेहऱ्यावरच्या रेषांनी हेच काम करायचं आहे.

दिशा दिसत नसेल तर एक युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत आरशासमोर बसा, मोबाइलचा टॉर्च बाजूला धरा आणि त्याच्यापुढे दाट दातांचा कंगवा धरा. दातांच्या सावल्या चेहऱ्यावर पट्ट्यांसारख्या पडतील आणि कपाळावर, गालावर, नाकावर कशा वाकतात ते स्पष्ट दिसेल. कंगवा थोडा फिरवला की दुसरी दिशाही दिसते. त्याचा फोटो काढून ठेवा. मी नाकाचा अभ्यास असाच करायला लावतो, कारण नाकाएवढी फसवी जागा चेहऱ्यावर दुसरी नाही.

नाकाबद्दल जरा सविस्तर सांगतो. नाकाच्या दांड्यावर रेषा आडव्या जातात, एका बाजूने चढून, माथ्यावर किंचित सपाट होऊन, दुसऱ्या बाजूने उतरतात. शेंड्याकडे आल्यावर त्या गोलाकार होऊ लागतात, कारण शेंडा म्हणजे एक लहानसा चेंडूच आहे. नाकपुडीचा पंख ही वेगळी छोटी गोलाई, तिच्या रेषा तिच्या स्वतःच्या. खरी परीक्षा नाक आणि गाल जिथे भेटतात त्या खाचेत होते. नवशिका तिथे एक काळी रेघ ओढतो, अलीकडे नाकाच्या रेषा थांबवतो आणि पलीकडे गालाच्या नव्या सुरू करतो. मग नाक चिकटवल्यासारखं दिसतं. त्याऐवजी नाकाच्या बाजूने उतरणारी रेष खाचेत येऊ द्या, तिथे जाड होऊ द्या आणि उचलल्याशिवाय दिशा बदलून गालावर जाऊ द्या, हळूहळू बारीक होत. दहा-पंधरा रेषा अशा एकाखाली एक गेल्या की त्यांच्या जाड भागांमधूनच खाच तयार होते आणि काळी रेघ ओढावीच लागत नाही. हे साधलं त्या दिवशी तुमची जाळी गेलेली असेल.

याच कारणासाठी चेहऱ्याभोवतीही जाड बाह्यरेषा नको. कोरीवकामात कड तयार होते ती दोन टोन शेजारी आल्यामुळे. उजेडाच्या बाजूला गाल कोरा आहे ना, मग त्याच्या मागे पार्श्वभूमीत सरळ आडव्या रेषा द्या. गालाची कड आपोआप कापल्यासारखी स्पष्ट दिसेल. सावलीच्या बाजूला पार्श्वभूमी मोकळी सोडा. पार्श्वभूमीच्या रेषा सरळच ठेवायच्या, म्हणजे त्या मागे सपाट राहतात आणि वळणदार रेषांचा चेहरा पुढे येतो.

बाकी चेहरा थोडक्यात. कपाळावर रेषा कवटीच्या गोलाईने कानशिलाकडे उतरत्या. डोळ्यांच्या खोबणीत गोल, बुबुळाभोवती फिरणाऱ्या. पापणी ही स्वतंत्र अरुंद पट्टी, आणि तिची सावली डोळ्यावर पडते हे विसरू नका. डोळ्याचा पांढरा भाग कधीच कागदाइतका पांढरा नसतो. कोरा कागद फक्त बुबुळावरच्या चमकेसाठी ठेवा. पापण्यांचे केस एकेक मोजून काढू नका. ओठांवर रेषा उभ्या, ओठाच्या फुगीरपणाप्रमाणे वाकलेल्या. मान म्हणजे तिरका नळा, त्यावर त्याच तिरकेपणाची वळणं.

मिशांबाबत एक कळीची गोष्ट. त्या केसाकेसाने काढल्यात तर काटेरी दिसतील. आधी चार-पाच झुबके ठरवा, प्रत्येक झुबक्याला उजेडाची आणि सावलीची बाजू द्या, आणि रेषा केसांच्या वाढीच्या दिशेने लांब ओढा. झुबक्याच्या उजेडाच्या जागी रेष तुटू द्या. कडेला, जिथे मिशी गालावर संपते, तिथे रेषा खूप बारीक होऊन गालाच्या रेषांमध्ये शिरल्या पाहिजेत.

फेटा तुम्हाला मजा देईल. प्रत्येक पट्टा, प्रत्येक पीळ हा अर्धगोल नळा समजा आणि रेषा त्याला आडव्या घाला. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत रेषा जाड होत होत एकमेकींना भिडून काळी पाचर तयार होऊ द्या. कापडाला कातडीपेक्षा अंतर मोठं आणि रेष जाड ठेवा. चेहऱ्यावर एक मिलीमीटरवर रेषा असतील तर फेट्यावर दीड मिलीमीटर चालेल. एवढ्या फरकाने कापड कापड दिसतं आणि कातडी कातडी. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1526 मध्ये केलेलं इरास्मस या विद्वानाचं कोरीव व्यक्तिचित्र या बाबतीत जरूर बघा. अंगरख्याच्या घड्यांवर रेषा कशा फिरवल्यात ते पाहण्यासारखं आहे. चेहऱ्याच्या कातडीसाठी सतराव्या शतकातला फ्रेंच कारागीर रोबेर नाँतई बघा. त्याच्या चेहऱ्यांवर अगदी आखूड रेषा आणि ठिपके इतक्या बेताने आलेत की कातडी श्वास घेतेय असं वाटतं.

आता गडदपणाचा हिशेब. समजा रेषांमधलं अंतर एक मिलीमीटर आहे आणि रेष पाव मिलीमीटर जाड आहे. म्हणजे कागदाचा 25 टक्के भाग काळा झाला. तीच रेष अर्धा मिलीमीटर केली की 50 टक्के. त्याऐवजी पाव मिलीमीटरचाच दुसरा थर तिरका टाकलात तर छेदाच्या जागा दोनदा मोजल्या जात नाहीत, म्हणून मिळतात सुमारे 44 टक्के. म्हणजे पहिला थर नुसता जाड करून तुम्ही जास्त पुढे जाता आणि चित्र स्वच्छ राहतं. म्हणून माझा क्रम असा: सगळा चेहरा एकाच थरात, जाडीच्या जोरावर पूर्ण करायचा आणि मग चित्र दूर ठेवून, डोळे किलकिले करून बघायचं. जिथे सावली खरंच कमी पडतेय तिथेच दुसरा थर. तिसरा थर डोळ्यांच्या खोबणीत, हनुवटीखाली आणि फेट्याच्या कपाळावर पडणाऱ्या सावलीत, यापलीकडे सहसा लागत नाही.

दुसरा थर काटकोनात टाकू नका. काटकोनाने चौकोन तयार होतात आणि तीच तुमची खिडकीची जाळी. तिरका छेद द्या, साधारण 30 ते 45 अंशांचा, म्हणजे शंकरपाळ्यासारखे लांबट चौकोन पडतील. फारच निमुळता कोन केलात तर डोळ्यांपुढे लाटा चमकू लागतात, तोही टाळा. आणि हा दुसरा थरसुद्धा वळणाचाच हवा. जुन्या कारागिरांची एक सुंदर सवय होती: गडद आणि उजेड यांच्या मधल्या पट्ट्यात त्या लांबट चौकोनांच्या पोटात एकेक ठिपका ठेवायचा. त्याने छेद दिसेनासे होतात आणि सावली मऊ होते. उजेडाकडे रेष संपते तिथेही रेषेच्या पुढे दोन-तीन ठिपके, एकापेक्षा एक लहान.

खुंट उगवल्यासारखे दिसतात याचं कारण रेषांच्या टोकांत आहे. आखूड रेषा आणि दोन्ही टोकं बोथट, म्हणजे प्रत्येक टोक ठिपक्यासारखं दिसतं. रेष लांब काढा आणि हात चालू असतानाच पेन कागदावरून उचला, म्हणजे टोक निमुळतं होईल. शेजारशेजारच्या रेषा एकाच जागी संपवू नका, नाहीतर टोकांचीच एक नवी रेघ दिसायला लागते.

आपल्याकडच्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण परदेशी पुस्तकांवरून शिकताना ती निसटते. तिथले नमुने गोऱ्या कातडीचे. त्यांत उजेडाचा गाल सरळ कोरा सोडलेला असतो. उन्हात राबलेल्या माणसाचा सावळा चेहरा तसा केलात तर तो आजोबांचा राहत नाही, साम्य असूनही परका वाटतो. सावळ्या चेहऱ्यात कोरा कागद फक्त चमकेच्या जागांसाठी: नाकाचा शेंडा, गालाच्या हाडाचा माथा, कपाळाचा उंचवटा, खालचा ओठ. बाकी सगळ्या चेहऱ्यावर पहिला थर अखंड फिरलेला हवा, उजेडातही. उजेडात बारीक, सावलीत जाड. चमका लहान आणि धारदार ठेवल्या की सावळा रंग तजेलदार दिसतो. हे मनापासून जपा. चेहऱ्याचा रंगही त्या माणसाच्या ओळखीचा भाग असतो.

साहित्य. कागद गुळगुळीत हवा: ब्रिस्टॉल बोर्ड, नाहीतर चांगलं आयव्हरी कार्ड. कार्ट्रिज पेपरवर निब अडकते आणि शाई फुटते. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि चांगल्या कागदावरही रेष फुलते, म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा. सुरुवातीला एकसारख्या जाडीचं पेन घ्या, पिग्मा मायक्रॉन 01 म्हणजे पाव मिलीमीटर, आणि आधी फक्त अंतर सारखं ठेवण्याचा सराव करा. या पेनाने रेष फुगत नाही. फुगवायची असेल तर मधल्या भागात शेजारून दुसरी रेष घालून ती भरावी लागते. वेळ जातो, पण जाडी कुठे वाढवायची याचा विचार पक्का होतो. मग टाकावर या. जी-निब, म्हणजे दाब दिला की रेष जाड करणारी लवचीक निब, आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो, तो साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर शाई धरत नाही. निब स्वतःकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. कागद टेपने चिकटवू नका. वळण आलं की हात वाकडा करण्याऐवजी कागद फिरवा, तो कारागीर पत्रा फिरवतो तसाच.

आकार ठरवताना छपाईपासून मागे या. मुखपृष्ठावर चेहरा 12 सेंटीमीटर उंच छापायचा असेल तर 18 सेंटीमीटरचा काढा. दीडपट आकारात काढून लहान केलं की हाताची थरथर झाकली जाते. एक मिलीमीटरचं अंतर छापताना पाऊण मिलीमीटरहून थोडं कमी होईल आणि पाव मिलीमीटरची रेष सुमारे 0.17 मिलीमीटर. ऑफसेटला हे व्यवस्थित झेपतं. दुप्पट-तिप्पट मोठं काढायचा मोह नको, रेषांची टोकं छपाईत गळून जातील.

संगणकावर करावं का? टॅब्लेटवर दाबाप्रमाणे जाड होणाऱ्या ब्रशने तुम्ही स्वतः रेष काढणार असाल तर उत्तम, तत्त्वं तीच. पण फोटोला एका क्लिकमध्ये 'एन्ग्रेव्हिंग' करून देणारे जे बहुतेक फिल्टर असतात, ते फोटोवर सरळ किंवा लाटेसारख्या रेषा पसरतात आणि टोननुसार त्या जाड-बारीक करतात. जाडीचं काम होतं, दिशेचं होत नाही. नाकावरची रेष आणि मागच्या भिंतीवरची रेष एकाच दिशेने जाते. घाईच्या कामाला ते चालतं. आजोबांच्या चित्राला मी ते वापरणार नाही.

किती दिवस लागतील ते तुमच्या हातावर, रोज किती वेळ बसता त्यावर आणि स्मरणिका कधी छापायला जायची आहे त्यावर अवलंबून आहे. साम्य तुम्हाला साधतं, म्हणजे सगळ्यात अवघड भाग तुमच्याकडे आहेच. रोज तासभर दिलात तर पहिला आठवडा समांतर रेषा आणि पाच टोनच्या पट्ट्या, पुढे अंडं, नळा, मग नाक, डोळा, फेट्याचा एक पीळ असं सुटं सुटं काढा. पूर्ण चेहऱ्याला हात घालण्यापूर्वी दोनेक महिने हातात असले तर बरं. मुदत तेवढी नसेल तर चित्र सोपं करा. फक्त एक थर, ठिपके नाहीत, चेहरा नीट करायचा आणि फेटा-अंगरखा मोजक्या रेषांत सोडून द्यायचा. अपुरा सोडलेला फेटा सुंदर दिसू शकतो, घाईने भरलेला गाल कधीच नाही.

प्रत्यक्ष काढायला बसाल तेव्हा पेन्सिलीने फिकट आराखडा, त्यावर दिशानकाशातल्या मुख्य रेषा काचेवर किंवा खिडकीवर धरून उतरवून घ्या, साधारण प्रत्येक सेंटीमीटरला एक. मधल्या रेषा पेनाने थेट भरायच्या. मी सुरुवात नाकापासून करतो, कारण दोन्ही गाल, कपाळ आणि ओठ यांच्या रेषा तिथूनच निघतात. तिथे अंतर ठरलं की बाकी चेहरा त्याला धरून चालतो. एखादी रेष चुकली तर शाई पूर्ण वाळू द्या आणि नव्या ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडा. ब्रिस्टॉल ते सहन करतो. खरवडलेल्या जागेवर नखाने घासून मगच पुन्हा शाई लावा.

छपाईला देताना चित्र 1200 डीपीआयला, लाइन आर्ट म्हणजे फक्त काळा-पांढरा या पद्धतीने स्कॅन करा आणि टिफ फाइल द्या. ग्रेस्केल जेपेग दिलीत तर छापखान्यात त्यावर जाळीचे ठिपके पडतील आणि प्रत्येक रेषेची कड भुरभुरीत होईल. कागद विचारून घ्या. मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, शाई पसरून रेष थोडी फुगते, म्हणून त्या कागदावर जाणार असेल तर गडद जागांतल्या पांढऱ्या फटी आधीच जरा मोकळ्या ठेवा. गुळगुळीत लेप असलेल्या आर्ट पेपरवर हा त्रास कमी. आणि पूर्ण अंक छापायच्या आधी त्याच कागदावर एक प्रत काढून मागा. डोळ्यांच्या खोबणीत आणि फेट्याखालच्या सावलीत रेषा वेगळ्या दिसताहेत की एकमेकींत बुडाल्यात, एवढं त्या प्रतीत भिंगाने तपासा. बुडाल्या असतील तर मूळ चित्रात ब्लेडने तेवढ्या फटी उघडायच्या आणि पुन्हा स्कॅन करायचं.

दिशानकाशा तयार झाला की पेन हातात घेण्याआधी तो मला फोटोसोबत दाखवा. नाकाची खाच आणि फेट्याची कपाळावरची कड या दोन जागा मी आधी बघेन.